कल्ट सिनेमा कशाला म्हणायचं? (आणि 'बनवाबनवी' त्यात बसतो का?)

मधली सुट्टी
रविवारी दुपारी जेवणं आटोपून घरचे सगळे आडवे झाले होते. टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला होता (तो लागलेलाच असतो). एकोणीस वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, हा कल्ट आहे." मी म्हटलं, "कल्ट कसला डोंबलाचा, तो सुपरहिट होता. १९८८ साली आम्ही ब्लॅकनं तिकिटं काढली होती." त्यावरून जे जुंपलं ते चहापर्यंत चाललं.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्यांदा लागला तेव्हा पडला, आणि मग थोड्या वेड्या लोकांनी उचलून धरला, तो कल्ट. ज्याला पहिल्याच आठवड्यात हाउसफुल्लचा बोर्ड लागला तो लोकप्रिय. दोन्हींत गल्लत नको. पुतण्या म्हणतो असा काही नियम नाही.

तुमचं काय मत? आणि तुमचे लाडके कल्ट सिनेमे कोणते? यादी टाकून पळून जाऊ नका, का आवडतो तेही लिहा.

खारे दाणे
पयला! नावाला जागून खारे दाणे घेऊन बसलोय.

कोकणी कासव
धागाकर्त्याशी सहमत. याचं शुद्ध उदाहरण म्हणजे 'जाने भी दो यारो'. १९८३ साली एनएफडीसीच्या (सरकारी चित्रपट महामंडळाच्या) पैशातून, सात लाखांच्या आसपास बजेटमध्ये झालेला सिनेमा. पैसा इतका कमी की फोटोग्राफरच्या हातातला कॅमेरासुद्धा नसीरुद्दीन शाहचा स्वतःचा होता, आणि शूटिंगमध्ये तोही चोरीला गेला. दोन्ही हिरोंची नावं विनोद आणि सुधीर. ती कुंदन शाहनं आपल्याच युनिटमधल्या विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रावरून ठेवली. शेवटच्या महाभारतात दुःशासन झालाय तो हाच विनोद चोप्रा.

थेटरात फार कोणी गेलं नाही. आम्हीही नाही. मी तो पाहिला दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी, दारात चपलांवर बसून. सतीश शाहचं प्रेत द्रौपदीच्या साडीत उभं राहिलं आणि शेजारचे आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण शेवट आला, त्या दोघांनी कैद्यांच्या कपड्यात गळ्यावरून बोट फिरवलं, तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. टीव्ही बंद करून सगळे उठले. इतकं हसवून असं घरी पाठवणारा सिनेमा त्या वेळी चालणं शक्यच नव्हतं.

शेवग्याची शेंग
मला हे 'आधी पडलाच पाहिजे' पटत नाही. म्हणजे नापास झाल्याशिवाय हुशार म्हणायचं नाही असं झालं.

माझी कसोटी वेगळी आहे. आपण म्हणतो ना, "अमुक सिनेमाची मी पारायणं केलीत"? पारायण हा शब्द आपण उगाच वापरत नाही. पोथीत पुढे काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी दरवर्षी पोथी उघडतात, मधेच अध्याय चुकला तर टोकतात, आणि लहान मुलांना शेजारी बसवतात. 'बनवाबनवी'चं आमच्या घरी हेच होतं. सुधीर जोशींचा सरपोतदार दिसला की सासूबाई आतून ओट्यापासून ओरडतात, "सत्तर रुपये आले का गं?" त्यांना पडदा दिसतसुद्धा नाही, नुसत्या आवाजावर.

डबल भजी
शेंगताईंना +१. आमच्या ऑफिसात कुणी नवा माणूस विचारत आला की अख्खा फ्लोअर एका सुरात "धनंजय माने इथेच राहतात का?" मागच्या महिन्यात बंगलोरहून आलेला एकजण खरंच म्हणाला, "नो, आय ॲम लुकिंग फॉर एचआर."

प्रश्नोपनिषद
या विषयावर इटालियन लेखक उंबेर्तो इकोचा 'कासाब्लांका' या जुन्या हॉलिवूडपटावरचा निबंध जरूर वाचावा. त्याचा मुद्दा असा की कल्ट होण्यासाठी सिनेमा सुटा करता यायला हवा. म्हणजे त्याचा एक तुकडा, एक वाक्य, एक पात्र उचलून कुठेही लावता यायला हवं. अखंड, रेखीव, निर्दोष कलाकृतीचं असं होत नाही, ती अख्खी लक्षात राहते. कल्ट सिनेमा आतून खिळखिळा असतो, म्हणूनच त्याचे भाग घरी नेता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्यात एक भरलेलं, सामानसुमान असलेलं जग हवं. चाहते त्यात आपल्या घरात वावरावं तसे वावरतात.

या निकषावर 'बनवाबनवी' बसतो. लीलाबाई काळभोरांचं घर मला माझ्या मावशीच्या घरापेक्षा जास्त पाठ आहे.

खारे दाणे
थोडक्यात, उडप्याकडं थाळी कल्ट नाही, पण सुटा मेदूवडा कल्ट. समजलं.

प्रश्नोपनिषद
दाणे, तुम्ही एका ओळीत माझी चाळीस मिनिटं वाया घालवलीत.

इसारकाठचा इसम
म्युनिकमधून लिहितोय. इथे म्युझियम लिश्टश्पीले नावाचं छोटं थेटर आहे. तिथे 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७७ पासून चालू आहे. वाचताना चूक झाली असं वाटेल, पण खरंच १९७७. आपल्याकडे 'मराठा मंदिर'मध्ये 'दिलवाले'चं कौतुक करतात, त्याच्याही अठरा वर्षं आधीपासून.

हा सिनेमा १९७५ साली आला आणि सपशेल पडला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थेटरनं तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली. तिथे नेहमी येणाऱ्यांनी पडद्याला उलटून बोलायला सुरुवात केली आणि त्याचे हळूहळू विधी झाले. मध्यरात्रीच्या खेळाची चाल त्याआधी १९७० मध्ये एल्गिन थेटरनं 'एल तोपो' लावून पाडली होती.

जर्मन सहकाऱ्यांनी मला नेलं तेव्हा हातात एक पिशवी दिली. आत तांदूळ, वर्तमानपत्र, आणि टोस्ट! आपला चहात बुडवायचा कडक टोस्ट असतो ना, तसाच. पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ उडवायचे. (आमच्या रांगेत अक्षता नेमक्या वेळेवर पडल्या याचं श्रेय सर्वस्वी माझ्या संस्कारांना. जर्मन लोक मूठभर तांदूळ शेजाऱ्याच्या डोक्यात ओतत होते.) पाऊस आला की डोक्यावर पेपर धरायचा, कारण मागचे लोक पाण्याची पिचकारी मारतात. मी पहिल्यांदा आलोय हे कळल्यावर एका बाईनं माझ्या कपाळावर लिपस्टिकनं खूण केली.

सिनेमा म्हणाल तर मला धड कळला नाही. परत कधी जायचं ते मात्र मी बाहेर पडतानाच विचारलं.

शेवग्याची शेंग
बघा, अक्षता आणि कपाळाला गंधसुद्धा! माझ्या पारायणाला पुरावा मिळाला.

कोकणी कासव
पण तुमच्याच उदाहरणात तो आधी पडला, इसमभाऊ. 'एल तोपो'ही मुख्य बाजारात नव्हताच. धागाकर्त्याचा मुद्दा शाबूत आहे.

हॉस्टेल ब्लॉक ९
इतके प्रतिसाद आले आणि अजून कुणी 'गुंडा'चं नाव काढलं नाही? लाज आहे का काही?

१९९८, दिग्दर्शक कांती शाह, मिथुनदांचा ऊटीचा काळ. आमच्या हॉस्टेलला तो लॅनवर फिरत होता, फाइलवर फक्त 'जी' लिहिलेलं. फर्स्ट इयरला रॅगिंग म्हणून सगळ्या व्हिलनच्या ओळखी म्हणून दाखवायला लावायचे, कारण प्रत्येक व्हिलन कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव यमकात सांगतो. बुल्ला, इबू हटेला, पोते, लंबू आटा. एकही वाक्य यमकाशिवाय नाही. आमचा मेकॅनिकलचा एक मित्र म्हणायचा की हा जगातला एकमेव श्लोकबद्ध मारधाडपट आहे. चुकीच्या जागी लावलेला शॉट, दिवसाची रात्र, रात्रीचा दिवस, शेवटी रिक्षांचा ताफा. प्रत्येक फ्रेममध्ये काहीतरी फाटलेलं आहे आणि कुणी शिवायचा प्रयत्नही केलेला नाही.

मुद्दा असा की वाईटपणातही एक प्रामाणिकपणा लागतो. 'द रूम'चं तेच. २००३ साली टॉमी विझोनं जीव तोडून गंभीर शोकांतिका काढली. लोक आता तिला प्लास्टिकचे चमचे घेऊन जातात, कारण त्याच्या घरात टेबलावर चमच्याच्या फोटोची फ्रेम आहे. तिथे चमच्याचा फोटो का, हे कुणालाच कळलेलं नाही. मुद्दाम वाईट काढलेला सिनेमा कधी कल्ट होत नाही. त्यात डोळा मारलेला दिसतो.

गवती चहा
ब्लॉक ९, मीही हॉस्टेलला होते, मुलींच्या. आम्हीही 'गुंडा' लावला. वीस मिनिटांत निम्म्या उठून गेल्या. ज्या यमकांवर तुमचा कॉमन रूम लोळत होता त्यातली बरीच बलात्काराबद्दल आहेत. बहीण, बायको, मुलगी, जी पडद्यावर येते ती त्याचसाठी येते. "इतकं वाईट आहे की हसू येतं" हे कुणाला येतं आणि कुणाला नाही, हेही जरा मोजा.

बंदी घाला म्हणत नाहीये. पण कल्ट म्हटलं की आपण एक टोळी होतो, आणि टोळीत हसलो नाही तर आपण बोअर ठरतो. मी त्या दिवशी बसून राहिले आणि हसलेही. ते मला अजून आठवतं.

हॉस्टेल ब्लॉक ९
यावर लगेच उत्तर टाइप केलं होतं, खोडलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या विंगमध्ये साठ जण होतो आणि एकही मुलगी नव्हती, म्हणून विनोद चालला. पंचवीस वर्षांनी बायकोबरोबर लावून बघितला तर दहाव्या मिनिटाला मीच रिमोट शोधत होतो. यमकं अजून पाठ आहेत, ती मात्र जात नाहीत.

तिसरी घंटा
अवांतर: कल्ट सिनेमाला मराठी शब्द काय? 'पंथपट'?

डबल भजी
'वेडपट'. शब्द तयार आहे, नवा कशाला पाडायचा?

तिसरी घंटा
_/\_ साष्टांग. धागा इथेच बंद करा.

जगबुडी एक्सप्रेस
बंद कशाला, 'तुंबाड' राहिलाच की. माझं आजोळ खेड तालुक्यात, त्यामुळे जरा जास्त लिहितो.

श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे गावाचं नाव मराठी वाचकाला आधीच माहीत होतं. राही अनिल बर्वेंनी नाव तिथून घेतलं आणि गोष्टीचं बी नारायण धारपांचं. कादंबरीतल्या खोतांचा आणि सिनेमातल्या राक्षसाचा, हस्तरचा, काही संबंध नाही. पाऊस मात्र अस्सल आमचा. आम्ही कोकणातले लोक सिनेमातल्या पावसाला हसतो, कारण नळ सोडल्यासारखा पडतो आणि मागे ऊन असतं. 'तुंबाड'मध्ये भिंतीला ओल आहे, धोतराच्या काठाला चिखल आहे, आणि माणसं पावसाकडे बघतसुद्धा नाहीत. खऱ्या पावसासाठी थांबून थांबून अनेक पावसाळे शूटिंग केलं, ते दिसतं. वाडा मात्र सासवडचा आहे, त्याबद्दल आमच्या मामाचा अजून राग आहे.

२०१८ साली मी रत्नागिरीत पाहिला तेव्हा थेटरात आम्ही नऊ जण होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा शुक्रवारचं तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. माझ्या मागच्या रांगेतली पोरं पिठाच्या बाहुलीआधीच "आता आता आता" करत होती.

कोकणी कासव
हा घ्या! आधी पडला, मग उठला. माझी केस संपली.

शेवग्याची शेंग
कासवा, एक विचारू? आता जो तो पुन्हा लावताना 'कल्ट क्लासिक परत येतोय' अशी जाहिरात करतो. वितरकानं पोस्टरवर छापलं म्हणजे कल्ट होतो का? मग उद्या कुणीही मुद्दाम पाडेल आणि पाच वर्षांनी उठवेल.

खारे दाणे
मुद्दाम पाडायची गरज नाही हो, आपोआप पडतायत.

अडीच नंबर चष्मा
कुणीच 'झपाटलेला' म्हणत नाही म्हणून मी म्हणते. रामदास पाध्यांचा बाहुला आणि त्याला दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. १९९३ साली मी सात वर्षांची होते. घरी आल्यावर माझी बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून माळ्यावर टाकली. आईनं कारण विचारलं तर सांगितलं नाही, कारण नाव घेतलं तर तो ऐकेल. ती बाहुली घर रंगवायला काढलं तेव्हा सापडली, म्हणजे सोळा वर्षांनी. सुतळीला तेव्हा मारलेल्या अकरा गाठी तशाच होत्या. नवरा म्हणाला, "उघड." मी म्हटलं, "तूच उघड."

अजून उघडलेली नाही.

डबल भजी
ओम फट् स्वाहा.

अडीच नंबर चष्मा
भजी, तुम्हाला पाप लागेल.

गवती चहा
चष्मा, हे वाचून खूप हसले आणि मग दिवा लावला.

यावरून आठवलं. आमच्या गल्लीच्या गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढची जागा संध्याकाळी सहालाच चटया टाकून अडवलेली असायची. आम्ही वाड्याच्या टोकाला राहायचो, म्हणून कायम पडद्याच्या मागच्या बाजूला. चित्र तिकडूनही स्वच्छ दिसतं, फक्त उलटं. पाट्या वाचता येत नाहीत, गाड्या चुकीच्या बाजूनं जातात. मी 'बनवाबनवी' तीन वर्षं तसाच पाहिला. चौथ्या वर्षी टीव्हीवर लागला तेव्हा मी आईला म्हटलं, "हे खोटं आहे, अशोक सराफ डावखुरा आहे."

तिसरी घंटा
हाहाहा! आमच्याकडं मागं बसणाऱ्यांकडून निम्मी वर्गणी घ्यायचे.

रीळबदलू
खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

माझे वडील तालुक्याच्या थेटरात ऑपरेटर होते. मी शाळा सुटली की केबिनमध्येच. दोन मशिनी, कार्बनच्या कांड्या, भिंतीला भोक. उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरी मशीन सुरू करायची, हे माझं काम. आमच्याकडे पुण्या-मुंबईची नवी प्रिंट यायची नाही. दहा गावं फिरून, ओरखडे पडून, तुटून-जोडून झालेली यायची. तुटली की दोन टोकं कापून, खरवडून, सिमेंट (म्हणजे फिल्म चिकटवायचा गोंद) लावून जोड द्यायचा. दर जोडाला एकदोन फ्रेम जातात. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एकदोन गेल्या तर कुणाला कळत नाही. पण एकाच जागी आठ-दहा वेळा तुटली तर अख्खा शब्द जातो. आणि आवाजाची पट्टी चित्रापासून साधारण वीस फ्रेम सरकवून छापलेली असते. त्यामुळं चित्र एका जागी उडी मारतं आणि आवाज दुसऱ्या. माणसाचं तोंड हलतं आणि बोलणं गेलेलं असतं.

'बनवाबनवी' आमच्याकडे किती वेळा आला मोजलं नाही. दिवाळी, यात्रा, आणि दुसरा कुठला पिक्चर पडला की मधेच. एकदा अशी प्रिंट आली की लक्ष्याचं ते पत्ता विचारण्याचं वाक्य मधून उडालेलं. "धनंजय" एवढं आलं, खरखर झाली, आणि थेट सुधीर जोशी. वडलांनी कपाळाला हात लावला. आता शिट्ट्या पडणार, खुर्च्या वाजणार.

तर खालून अख्ख्या थेटरनं ते वाक्य पुरं केलं. सगळे एका वेळी, बरोबर लक्ष्याच्या चालीत. मग हशा. मशीन चालू होती, काय तुटलंय ते खाली कुणाला जाणवलंसुद्धा नाही. वडील भोकातून बघत राहिले. त्या नादात कोपऱ्यातला ठिपका माझ्याकडून हुकला आणि पडदा पांढरा पडला. तेव्हा शिट्ट्या पडल्या.

पुढं ती प्रिंट परत पाठवताना वडलांनी डब्यावर खडूनं लिहिलं होतं, 'रीळ २ मध्ये डायलॉग नाही, चालतंय'.

हिट का कल्ट ते तुम्ही ठरवा.

शेवग्याची शेंग
रीळबदलू, दंडवत. यापुढे मी काही लिहीत नाही.

कोकणी कासव
मीही माझी केस मागे घेतो. निदान एका सिनेमापुरती.

प्रश्नोपनिषद
'रीळ २ मध्ये डायलॉग नाही, चालतंय'. इकोला हे वाक्य मिळालं असतं तर निबंध तिथंच संपला असता.

लेटमार्क
सगळा धागा वाचला नाही, पण 'सूर्यवंशम' कुणी लिहिला का?

खारे दाणे
लिहायची गरज नाही, लागेल थोड्या वेळात.

तिसरी घंटा
तात्या विंचू, टोस्ट, गणपती, कार्बनच्या कांड्या सगळं झालं. मूळ प्रश्नाचं काय झालं?

डबल भजी
मारुती कांबळेचं काय झालं?

तिसरी घंटा
भजी, 'सामना' १९७५ चा. बिहारपासून बारामतीपर्यंत कुठल्याही बातमीखाली हे वाक्य अजून चालतं. इकोच्या हिशेबानं हाच सगळ्यांत मोठा कल्ट.

मधली सुट्टी
मूळ प्रश्न घेऊन मी इथेच आहे. रीळबदलूंचा प्रतिसाद रात्री पुतण्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो." मी म्हटलं, "नाही, तू फक्त ओटीटीवर पाहिलायस, तुझी प्रिंट धड आहे." तर त्यानं आवाज बंद केला, सिनेमा मधूनच लावला आणि चारही जणांचे संवाद म्हणत बसला. पार्वतीच्या आवाजासकट. आतून त्याची आजी त्याला दुरुस्त करत होती. त्यामुळं सध्या हरलो असं समजा.

आता कामाचं. डिसेंबरात कट्टा करूया का? आमची गच्ची मोठी आहे, प्रोजेक्टर भाचीकडे आहे, पडद्याला डबलबेडची चादर. सिनेमा कुठला ते इथंच ठरवा. 'गुंडा' सोडून.

हॉस्टेल ब्लॉक ९
मान्य. भजी माझ्याकडून.

इसारकाठचा इसम
डिसेंबरात येतोय. टोस्ट आणू की बेकरीतून घेताय?

अडीच नंबर चष्मा
मी येते, 'झपाटलेला' नसेल तर. असेल तर ती बाहुली आणते आणि तिकडेच सोडून जाते.

गवती चहा
चादर पातळ घ्या. मी मागच्या बाजूला बसणार.